जुन्नरच्या वाटेवरील अनोळखी उपकारकर्ते

श्रोतेहो, इतिहासाच्या पुस्तकांत राजाला जागा असते, सेनापतीला असते, बंडखोरालाहि असते. वाटसरूला मात्र ती क्वचितच मिळते. आणि वाटसरूला वाटेंत ज्यानें पाणी दिलें, निवारा दिला, त्याला तर मुळींच नाहीं. मी आयुष्यभर शाळेंत इतिहास शिकविला, मुलांकडून सनावळ्या घोकून घेतल्या. परंतु या विषयाकडे माझें लक्ष वेधलें तें कोणत्या ग्रंथामुळें नव्हे, तर १९८३ सालच्या आषाढांतील एका रात्रीमुळें.

मी त्या वेळीं नुकताच नोकरीस लागलेला तरुण मास्तर होतों. शिष्यवृत्तीचे कागद मेणकापडांत गुंडाळून तालुक्यास निघालों होतों. एस. टी. आली नाहीं, म्हणून पायीं निघालों आणि पावसानें गांठलें. वाटेवरच्या एका वस्तीवर आसरा मागितला. यजमानांनीं दार उघडलें, कंदील वर धरला आणि गांव, नांव, आडनांव असे तीन प्रश्न विचारले. तिसऱ्या उत्तरानंतर दार लागलें. पुढें तासभर चिखल तुडवीत मी बोरी बुद्रुकच्या शिवारांत पोंचलों. कुकडी दुथडी वाहत होती. पहिल्याच घरीं एक म्हातारी चुलीपाशीं बसली होती. तिनें मला पाहिलें आणि म्हणाली, "आत ये लेकरा, आधी डोकं पूस." हुलग्याची शेंगोळी आणि बाजरीची भाकरी तिनें पुढें ठेविली, माझे कागद चुलीच्या उबेस वाळत घातले, आणि सकाळीं तिच्या मुलानें मला उताराच्या जागेपर्यंत पोंचविलें. त्या घरीं माझें नांव कोणीं विचारलें नाहीं. आणि मीहि, मास्तर असून, त्यांचें विचारावयाचें विसरलों.

बोरीचें नांव ऐकून कांहीं श्रोत्यांना तेथील राखेची आठवण झाली असेल. येथील कुकडीच्या कांठीं गाळाच्या थरांत ज्वालामुखीची राख सांपडली आहे. सुमात्रा बेटावरील टोबा नांवाच्या ज्वालामुखीपासून ती वाऱ्यानें येथवर आली, असें शास्त्रज्ञ सांगतात. तिच्या वयाविषयीं विद्वानांत अद्याप वाद आहे. त्याच परिसरांत आदिमानवाचीं दगडी हत्यारेंहि मिळालीं आहेत. बुद्रुक हा शब्दहि परकाच. फारशींतील 'बुजुर्ग' म्हणजे वडील किंवा थोरला, त्याचें हें मराठी रूप. तेव्हां या गांवीं राखेपासून नांवापर्यंत पाहुणे पुष्कळ, असें म्हणावयास हरकत नाहीं.

ही कुकडी उगम पावते ती पश्चिमेस, नाणेघाटाच्या परिसरांत. सोपारा आणि कल्याण या बंदरांतून माल घाटावर चढे तो याच वाटेनें, आणि जुन्नरवरून पुढें पैठणास जाई. घाटमाथ्यावरील लेण्यांत सातवाहनांची राणी नागनिका हिचा प्रसिद्ध शिलालेख आहे. त्यांत यज्ञ आणि दक्षिणा यांची मोठी यादी आहे. बाहेर दगडी रांजण आहे. त्यांत जकातीचीं नाणीं टाकीत, अशी परंपरा सांगते. आमच्या सहली रांजण पाहून परत फिरतात. पण त्याच घाटांत पाण्याचीं टाकीं खोदलेलीं आहेत. त्यांना शिलालेखांतील प्राकृतांत 'पोढी' म्हणतात. त्यांतील एका लेखाचा आशय एवढाच आहे कीं, ही पोढी सोपाऱ्याच्या गोविंददासाचें दान आहे. बस्स. यज्ञ नाहीं, पदवी नाहीं. समुद्रकांठच्या एका गृहस्थानें, जेथें चढून आलेल्या माणसाचा घसा कोरडा पडतो नेमकें तेथें, खडकांत पाणी सांठवून ठेविलें. तो स्वतः कधीं तरी ती चढण चढला असावा, असा माझा तर्क आहे. न चढलेल्याला ही जागा सुचावयाची नाहीं.

जुन्नरच्या भोंवतालच्या लेण्यांत असे दाते आणखी आहेत. इरिल नांवाच्या एका यवनानें दोन पोढ्या दिल्या. चिट नांवाच्या दुसऱ्या यवनानें संघासाठीं भोजनमंडप दिला. यवन म्हणजे ग्रीक किंवा त्या बाजूचे परदेशीय. हीं दानें मुख्यतः भिक्षूंकरितां होतीं हें खरें. परंतु भिक्षु हाहि वाटसरूच. क्षत्रप नहपानाचा अमात्य अयम यानें शेहेचाळिसाव्या वर्षीं मानमोडीच्या डोंगरांत पोढी आणि मंडप दिला. त्याच नहपानाचा जांवई उषवदात याचा नाशिकच्या लेण्यांतील लेख तर याहून बोलका आहे. भृगुकच्छ, दशपुर, गोवर्धन आणि शूर्पारक येथें त्यानें विश्रामगृहें बांधलीं, तापी, दमण वगैरे नद्यांवर फुकट नावा ठेविल्या, आणि नदीच्या दोन्ही तीरांस पाणपोया घातल्या. दोन्ही तीरांस, हें लक्षांत घ्या. नावेची वाट पाहणारा मनुष्य कोणत्या तीरावर तहानेला असेल याचा नेम नसतो.

सातव्या शतकांत चिनी यात्रेकरू ह्युएन्त्संग पुलकेशीच्या राज्यांत आला. त्यानें येथील लोकांविषयीं लिहिलें कीं, ते अपमानाचा सूड घेतात, पण संकटांत सांपडलेल्यानें मदत मागितली तर तांतडीनें धांवतांना स्वतःचीहि शुद्ध ठेवीत नाहींत. हें वाक्य आमचे वक्ते सभांतून अभिमानानें सांगतात. अपमान आणि सूड हा आधींचा भाग सोयीनें गाळतात.

आतां माझ्या मुख्य गोष्टीकडे येतों. १४६९ सालच्या सुमारास रशियांतील त्वेर गांवचा एक व्यापारी, अफानासी निकितीन, चौलच्या बंदरांत उतरला. घरून निघाल्यावर अस्त्राखानजवळ त्याला लुटलें होतें, माल गेला होता. उरलीसुरली आशा त्यानें एका घोड्यांत घातली. दक्षिणेंत घोड्यांना भाव फार, म्हणून त्यानें समुद्रांतून तो घोडा आणला. त्याच्या हिशेबानें त्यास शंभर रुबल पडले होते. चौलहून तो खुष्कीनें पालीस आला आणि मग घाट चढून जुन्नरास. पाऊस लागला. रात्रंदिवस पाणी आणि चिखल, असें त्यानें लिहून ठेविलें आहे. पावसांतला जुन्नर ज्यानें पाहिला आहे त्यास यांत अतिशयोक्ति वाटावयाची नाहीं. घोड्यांना येथें खिचडी खाऊं घालतात याचें त्याला नवल वाटलें.

जुन्नरचा अधिकारी असदखान हा बहामनी राज्याचा प्रसिद्ध वजीर महमूद गवान याच्या हाताखालचा. त्यानें निकितीनचा घोडा काढून घेतला. हा मुसलमान नसून परमुलुखांतला ख्रिस्ती आहे असें कळल्यावर त्यानें निरोप दिला: आमचा धर्म घेशील तर घोडा परत देतों आणि वर हजार मोहरा देतों, न घेशील तर घोडा तर जाईलच, शिवाय तुझ्याकडून हजार मोहरा घेईन. मुदत चार दिवसांची. श्रोतेहो, या माणसाची स्थिति डोळ्यांपुढें आणा. भाषा परकी, आप्त हजारों कोस दूर, पदरीं पैसा नाहीं, आणि बाहेर आषाढश्रावणाची झड. धर्म सोडला तर मायदेशीं तोंड दाखवितां येत नाहीं. न सोडला तर कर्जांत बुडून येथेंच अडकून पडावयाचें.

मुदतीच्या आंत खोरासानचा महंमद नांवाचा एक गृहस्थ जुन्नरास आला. निकितीननें त्याच्याकडे गाऱ्हाणें केलें. तो खानाकडे गेला, रदबदली केली, धर्मांतराची अट सोडविली आणि घोडाहि परत आणला. निकितीननें ही गोष्ट ईश्वराची कृपा म्हणून नोंदली आहे, आणि ती करणाऱ्याचें नांवहि. पुढें तो बीदरास गेला. तेथें त्यानें आपला खरा धर्म हिंदूंना सांगितला, तेव्हां त्यांनीं खाणें, व्यापार, पूजा यांपैकीं कांहीं त्याच्यापासून लपविलें नाहीं. त्यांच्याबरोबर तो श्रीशैलाच्या यात्रेसहि गेला. परत जातांना घरीं पोंचण्यापूर्वींच, स्मोलेन्स्कच्या अलीकडे, तो वारला. वह्या मात्र पोंचल्या. म्हणून आपणांस जुन्नरचा तो पावसाळा ठाऊक आहे.

या गोष्टींत दोन गोष्टी मला विचार करावयास लावतात. लुटणारा आणि सोडविणारा एकाच धर्माचे होते. धर्मावरून माणसाची पारख करणाऱ्यांनीं हें ध्यानांत घ्यावें. दुसरें, सोडविणारा स्वतःहि परमुलुखांतलाच होता. इरिल आणि चिट हेहि परके, गोविंददास परगांवचा. परक्याची अडचण परक्याला लौकर कळते कीं काय, न कळे.

आपल्या आतिथ्याचा गौरव करतांना १९०१ सालची एक गोष्ट मात्र मी वगळूं इच्छीत नाहीं. साताऱ्याहून वडिलांना भेटावयास गोरेगांवीं निघालेलीं कांहीं मुलें मसूर स्टेशनावर उतरलीं. त्यांत सुमारें नऊ वर्षांचे भीमराव आंबेडकर होते. मुलें महार आहेत असें कळतांच स्टेशनमास्तरांचा चेहरा पालटला. गाडीवाला दुप्पट भाड्यावर, तेंहि मुलांनींच गाडी हांकावी या अटीवर, तयार झाला. जवळ शिदोरी होती, पण पाणी नव्हतें; रात्रीं टोलनाक्यावर पाणी मागितलें तर तेंहि मिळालें नाहीं. भुकेलीं मुलें पाण्यावांचून जेवूं शकलीं नाहींत आणि तशींच निजलीं. बाबासाहेबांनीं हें पुढें स्वतः लिहून ठेविलें. १९२७ सालीं महाडच्या चवदार तळ्याचें पाणी त्यांनीं प्राशन केलें, त्याच्या मागें ही रात्रहि होती असें मी समजतों. ज्या प्रांतांत दोन हजार वर्षांपूर्वीं घाटमाथ्यावर खडक फोडून वाटसरूसाठीं पाणी ठेविलें, त्याच प्रांतांत टोलनाक्यावर मुलांना पाणी नाकारलें गेलें. वर्गांत नाणेघाट शिकविला कीं पाठोपाठ मी मसूरहि शिकवीत असें.

बोरीस मी कांहीं वर्षांनीं पुन्हा गेलों. म्हातारी वारली होती. घराच्या जागीं सिमेंटचें नवें घर उभें होतें. मुलानें मला ओळखलें नाहीं. त्या रात्रीची हकीकत सांगितली, तर तो थोडा विचार करून म्हणाला, "गुरुजी, पावसाळ्यात असे लई जण यायचे. आई कुणाला नाही म्हणायची नाही." मग त्यानें चहा टाकावयास सांगितलें. या खेपेस मीं आधीं त्याच्या आईचें नांव विचारून घेतलें, आणि तें वहींत लिहून ठेविलें आहे.