उंचावलेल्या जीपमधील प्रोपेलर शाफ्टची थरथर

कमानपाटे किंवा स्प्रिंगा बदलून गाडी उंचावली की गिअरपेटी वर जाते, मागचा आस जागीच राहतो आणि त्यांना जोडणाऱ्या शाफ्टचा उतार वाढतो. कोनात फिरणारा क्रॉस जॉइंट प्रत्येक फेऱ्यात दोनदा वेग वाढवतो आणि दोनदा घटवतो. दोन्ही टोकांचे कोन सारखे असले, तर एकाची चूक दुसरा फेडतो. नसले, तर गाडीचा तळ हादरतो.

निदान कानापेक्षा गणिताने करावे. चाकाचा परिघ 2.25 मीटर व आसाचे गुणोत्तर 4 धरल्यास ताशी 72 किमीला चाक सेकंदाला सुमारे 9 वेळा फिरते, शाफ्ट 36 वेळा. सेकंदाला 9ची थरथर चाकाची, 36ची असंतुलित शाफ्टची, 72ची कोनांची. त्याच वेगात न्यूट्रल करूनही ती टिकली, तर इंजिन निर्दोष समजावे. क्रॉस ढिला आहे का, दोन्ही टोकांचे काटे एका रेषेत आहेत का, हे आधी पाहावे. टायर बदलण्याची घाई बहुधा वाया जाते.

उपाय म्हणजे पाट्याखाली पाचर देऊन पिनियनचा कोन जुळवणे आणि सरकता सांधा कमी अडकत असल्यास शाफ्ट लांबवणे. दुहेरी जॉइंटच्या शाफ्टला मात्र सारख्या कोनांचा नियम लागत नाही. तिथे पिनियन थेट शाफ्टच्या रेषेत हवा. जुन्या सुट्या भागांसाठी कोलकात्याचा मल्लिक बाजार प्रसिद्ध आहे, पण तिथून आणलेला शाफ्ट संतुलित करून घेतल्याशिवाय बसवू नये. गाडीतील फेरबदलांवर मोटार वाहन अधिनियम, 1988च्या कलम 52चे निर्बंध आहेत.