पेन-गापोश्किन, सिसिलिया हेलेना

(१० मे १९०० – ७ डिसेंबर १९७९). ब्रिटिश-अमेरिकन खगोलभौतिकीविज्ञ. तारे मुख्यतः हायड्रोजन व हेलियम या दोन हलक्या मूलद्रव्यांचे बनलेले आहेत, हे दाखवणारे आकडे त्यांनी १९२५ मध्ये आपल्या पीएच.डी. प्रबंधात प्रथम मांडले. त्या काळच्या अधिकारी व्यक्तींना ते पटले नाहीत आणि खुद्द प्रबंधातच या आकड्यांबद्दल अविश्वास व्यक्त करणारी पुस्ती जोडण्याची वेळ पेन यांच्यावर आली. चार वर्षांनी तोच निष्कर्ष दुसऱ्याच्या नावावर रूढ झाला. विज्ञानाच्या इतिहासात दुर्लक्षित राहिलेल्या स्त्रियांबद्दल पुष्कळदा ऐकीव कथाच हाती लागतात. येथे मात्र मूळ आकडे, त्यांवरील आक्षेप आणि लेखिकेची माघार हे सगळे लेखी उपलब्ध आहे.

पूर्वायुष्य व शिक्षण : पेन यांचा जन्म इंग्लंडमधील बकिंगहॅमशर परगण्यातील वेंडोव्हर येथे झाला. वडील एडवर्ड जॉन पेन हे लंडनमधील वकील, इतिहासकार आणि संगीताचे जाणकार. सिसिलिया चार वर्षांच्या असताना ते वारले आणि तीन मुलांचा भार आई एमा यांच्यावर पडला. लंडनच्या सेंट पॉल्स मुलींच्या शाळेत संगीतकार गुस्टाव्ह होल्स्ट त्यांना संगीत शिकवत. त्यांनी या मुलीला संगीताकडेच वळण्याचा आग्रह केला होता. १९१९ मध्ये त्या केंब्रिजच्या न्यूनम महाविद्यालयात दाखल झाल्या. वनस्पतिशास्त्र, भौतिकी व रसायनशास्त्र हे विषय त्यांनी घेतले होते.

त्याच वर्षी आर्थर एडिंग्टन यांनी खग्रास सूर्यग्रहणाच्या मोहिमेवर केंब्रिजमध्ये व्याख्यान दिले. पश्चिम आफ्रिकेजवळच्या प्रिन्सिपे बेटावरून घेतलेल्या छायाचित्रांवरून सूर्याजवळून येणारे ताऱ्यांचे किरण वळतात हे दिसले होते आणि त्यामुळे आइन्स्टाइन यांच्या सिद्धांताला आधार मिळाला होता. मैत्रिणीला जाता आले नाही म्हणून तिच्या वाट्याची प्रवेशिका पेन यांच्याकडे आली. खोलीवर परतल्यावर त्यांनी जवळजवळ सगळे व्याख्यान आठवणीने उतरवून काढले आणि तेथून त्यांचा ओढा भौतिकी व खगोलशास्त्राकडे वळला. अर्नेस्ट रदरफर्ड यांच्या प्रगत भौतिकीच्या वर्गात त्या एकट्याच विद्यार्थिनी होत्या. नियमाप्रमाणे त्यांना पहिल्या रांगेत बसावे लागे. रदरफर्ड त्यांच्याकडे रोखून पाहत स्त्रियांना उद्देशूनच्या संबोधनाने व्याख्यान सुरू करत आणि मागची मुले टाळ्या पिटत व पाय आपटत, अशी आठवण त्यांनी आत्मचरित्रात लिहिली आहे. केंब्रिज विद्यापीठ त्या काळी स्त्रियांना पूर्ण पदवी देत नसे. हा हक्क तेथे १९४८ मध्ये मिळाला. इंग्लंडमध्ये शिक्षिकेच्या नोकरीपलीकडे वाट नाही, हे ओळखून त्या १९२३ मध्ये अमेरिकेस गेल्या. हार्व्हर्ड वेधशाळेचे संचालक हार्लो शॅप्ली यांनी त्यांना स्त्रियांसाठीची पिकरिंग शिष्यवृत्ती दिली होती.

हार्व्हर्डमधील पार्श्वभूमी : या वेधशाळेत ताऱ्यांची व त्यांच्या वर्णपटांची छायाचित्रे काचेच्या पट्ट्यांवर घेऊन जतन केली जात. पट्ट्यांवरील मोजणी व वर्गवारी करण्यासाठी माजी संचालक एडवर्ड पिकरिंग यांनी अल्प वेतनावर अनेक स्त्रिया नेमल्या होत्या. त्यांपैकी विल्यमिना फ्लेमिंग व अँटोनिया मॉरी यांनी वर्णपटांच्या वर्गीकरणात भर घातली. हेन्रिएटा लेव्हिट यांनी सेफिड जातीच्या ताऱ्यांचा आवर्तकाल व तेजस्विता यांचा संबंध शोधला. दूरच्या दीर्घिकांची अंतरे मोजण्याचा पाया त्यातूनच पडला. ॲनी जंप कॅनन यांनी सव्वादोन लाखांहून अधिक ताऱ्यांचे वर्णपट तपासून त्यांची ओ, बी, ए, एफ, जी, के, एम या वर्गांत विभागणी केली. हे वर्ग वर्णपटांतील रेषांच्या दिसण्यावरून पाडलेले होते. एका वर्गात हायड्रोजनाच्या रेषा ठळक आणि दुसऱ्यात धातूंच्या, याचे कारण ताऱ्यांचे घटक वेगळे की आणखी काही, याचे गणिती उत्तर त्या वर्गवारीत नव्हते.

ते उत्तर कोलकात्याहून आले. मेघनाद साहा यांनी १९२० मध्ये आयनीभवनाचे समीकरण प्रसिद्ध केले. दिलेल्या तापमानाला व दाबाला एखाद्या मूलद्रव्याच्या किती अणूंचे इलेक्ट्रॉन सुटलेले असतील, हे त्यावरून काढता येते. केंब्रिजचे राल्फ फाउलर व एडवर्ड मिल्न यांनी या सिद्धांताचा विस्तार केला. साहा यांचा सिद्धांत ताऱ्यांच्या निरीक्षणांवर तपासून पाहावा, असे मिल्न यांनी पेन यांना सुचवले. सिद्धांत समजणारी व्यक्ती आणि काचेच्या पट्ट्यांचा संग्रह यांची गाठ त्यामुळे हार्व्हर्डमध्ये पडली.

संशोधनाची पद्धत : वर्णपटातील काळी रेषा जितकी ठळक तितके ते मूलद्रव्य जास्त, असा समज सहज होतो, पण रेषा फक्त विशिष्ट अवस्थेतील अणूच उमटवतात. दृश्य प्रकाशातील हायड्रोजनाच्या रेषांसाठी अणूतील इलेक्ट्रॉन आधीच दुसऱ्या ऊर्जापातळीवर असावा लागतो. सूर्याच्या पृष्ठभागाचे तापमान सुमारे ५,८०० केल्विन आहे. या तापमानाला सुमारे २० कोटी हायड्रोजन अणूंमागे एखादाच अणू त्या पातळीवर सापडतो. कॅल्शियमाची गोष्ट उलट आहे. त्याचे बहुतेक अणू एक इलेक्ट्रॉन गमावून बसलेले असतात आणि तसा अणू तळच्या पातळीवर असतानाच जांभळ्या टोकाकडच्या ठळक रेषा उमटवतो. साहजिकच सूर्याच्या वर्णपटात कॅल्शियम उठून दिसतो. पण इतका क्षुल्लक अंश कामी येत असूनही हायड्रोजनाच्या रेषा स्पष्ट दिसतात, याचा अर्थ एकूण हायड्रोजन अफाट असला पाहिजे.

पेन यांनी हाच विचार अनेक मूलद्रव्यांना लावला. वेगवेगळ्या वर्गांतील ताऱ्यांच्या वर्णपटांत एखादी रेषा कोठे सर्वांत ठळक होते आणि कोठे जेमतेम दिसते, याच्या नोंदी त्यांनी केल्या. रेषा सर्वांत ठळक होते तेथून तापमान ठरवता आले. ती जेमतेम दिसते त्या टोकाला, रेषा दिसण्यापुरते अणू सर्व मूलद्रव्यांच्या बाबतीत सारखेच लागतात, असे गृहीत धरले. त्या तापमानाला एकूण अणूंपैकी किती अंश ती रेषा उमटवू शकतो, हे साहा-फाउलर-मिल्न यांच्या गणिताने काढले की त्या मूलद्रव्याचे प्रमाण हाती येते. यातून दोन गोष्टी निष्पन्न झाल्या. वर्गावर्गांतील फरक प्रामुख्याने तापमानाचा आहे, घटकांचा नाही. आणि बहुतेक ताऱ्यांची घडण जवळपास एकसारखी आहे.

प्रबंध व माघार : *तारकीय वातावरणे* या अर्थाच्या शीर्षकाचा हा प्रबंध १९२५ मध्ये सादर झाला व हार्व्हर्ड वेधशाळेच्या ग्रंथमालेतील पहिले पुस्तक म्हणून छापला गेला. हार्व्हर्डच्या भौतिकी विभागप्रमुखांनी स्त्री उमेदवार स्वीकारण्यास नकार दिल्यामुळे पदवी संलग्न रॅडक्लिफ महाविद्यालयाची मिळाली. खगोलशास्त्रात तेथे दिली गेलेली ती पहिलीच पीएच.डी. होय.

प्रबंधात १८ मूलद्रव्यांच्या सापेक्ष प्रमाणांचे कोष्टक आहे. आकडे लॉगरिथममध्ये आहेत, म्हणजे एका अंकाचा फरक हा दहापटींचा फरक. त्यात सिलिकॉन व लोह यांसारख्या मूलद्रव्यांचे आकडे ५ च्या आसपास आहेत, हेलियमाचा ८ च्या पुढे आणि हायड्रोजनाचा ११. म्हणजेच हायड्रोजन धातूंच्या सुमारे दहा लाख पट आणि हेलियम हजारो पट भरला.

त्या काळची प्रचलित समजूत याच्या अगदी विरुद्ध होती. पृथ्वीचे कवच सूर्याइतके तापवले तर त्याचा वर्णपट सूर्यासारखाच दिसेल, असे हेन्री रोलंड यांचे मत होते आणि प्रिन्स्टनचे हेन्री नॉरिस रसेल त्याच मताचे पुरस्कर्ते होते. रसेल हे शॅप्ली यांचे गुरू आणि अमेरिकेतील या क्षेत्राचे सर्वांत वजनदार नाव. शॅप्ली यांनी पेन यांचे हस्तलिखित त्यांच्याकडे धाडले. जानेवारी १९२५ मधील पत्रात रसेल यांनी बाकीच्या कामाची वाखाणणी केली, पण हायड्रोजन धातूंच्या दहा लाख पट असणे उघडच अशक्य आहे, असा अभिप्राय दिला. त्यांचा आक्षेप निव्वळ हट्टाचा नव्हता. कोष्टकातील इतर अनेक मूलद्रव्यांची प्रमाणे पृथ्वीवरच्या प्रमाणांशी चांगली जुळत होती. त्यामुळे हायड्रोजन व हेलियम या दोन नोंदींतच सिद्धांताची काही गफलत असावी, असे मानायला जागा होती.

पंचविशीतल्या विद्यार्थिनीचे पुढचे सगळे त्या अभिप्रायावर अवलंबून होते. या दोन मूलद्रव्यांची प्रचंड प्रमाणे जवळजवळ निश्चितपणे खरी नाहीत, असे वाक्य त्यांनी प्रबंधात घातले. कोष्टकातील आकडे मात्र त्यांनी बदलले नाहीत.

१९२९ मध्ये रसेल यांनी सूर्याच्या वातावरणाच्या घडणीवर प्रदीर्घ लेख लिहिला. वेगळ्या पद्धतीने ५६ मूलद्रव्यांची प्रमाणे काढून तेही हायड्रोजनाच्या प्राबल्यापर्यंत पोहोचले. लेखात त्यांनी पेन यांच्या आकड्यांचा व ते आपल्या आकड्यांशी जुळत असल्याचा उल्लेख केला. तेव्हा रसेल यांनी हा शोध चोरला, ही अलीकडे सर्रास सांगितली जाणारी गोष्ट खरी नाही. पण लेख रसेल यांचा आणि त्याच्यामागे वजनही त्यांचेच. शोधाचे श्रेय पुढे बराच काळ त्यांच्याच नावे चालत राहिले. प्रबंधातले माघारीचे वाक्यही त्याला पूरक ठरले, कारण लेखिकेनेच नाकारलेल्या निष्कर्षाचे श्रेय तिला देण्याची निकड कोणाला वाटली नाही.

पेन यांचे आकडे ताऱ्यांच्या बाह्य वातावरणापुरते होते. अंतर्भागातही हायड्रोजन मोठ्या प्रमाणावर असल्याचे एडिंग्टन व बेंग्ट स्ट्रोमग्रेन यांनी १९३२ च्या सुमारास दाखवले आणि हायड्रोजन हेच ताऱ्यांचे इंधन असल्याची अणुकेंद्रीय उपपत्ती हान्स बेटे यांनी १९३९ मध्ये मांडली. आजच्या मापनांनुसार सूर्याच्या वस्तुमानात हायड्रोजन सुमारे ७४ टक्के, हेलियम सुमारे २४ टक्के आणि बाकी सगळी मूलद्रव्ये मिळून २ टक्क्यांहून कमी आहेत.

पुढील कार्य : प्रबंधानंतर वर्णपटांवरच काम करण्याची पेन यांची इच्छा होती, पण शॅप्ली यांनी त्यांना ताऱ्यांच्या दीप्तिमापनाकडे वळवले. त्यांनी तेथेही मोठे काम उभे केले. जर्मनीतील गटिंगेन येथे १९३३ च्या खगोलशास्त्रीय अधिवेशनात त्यांची रशियन निर्वासित खगोलशास्त्रज्ञ सेर्गेई गापोश्किन यांच्याशी भेट झाली. नाझी राजवटीत अडकलेल्या गापोश्किन यांना अमेरिकेत आणण्यासाठी त्यांनी खटपट केली आणि १९३४ मध्ये दोघांचा विवाह झाला. त्यांना तीन अपत्ये झाली. या दांपत्याने साहाय्यकांसह रूपविकारी (तेज बदलत राहणाऱ्या) ताऱ्यांची साडेबारा लाखांहून अधिक निरीक्षणे नोंदवली. पुढे मॅगेलन मेघांतील ताऱ्यांच्या सुमारे २० लाख निरीक्षणांची त्यात भर पडली. अतितेजस्वी ताऱ्यांवरील ग्रंथ (१९३०), गापोश्किन यांच्यासह लिहिलेला रूपविकारी ताऱ्यांवरील ग्रंथ (१९३८) आणि आकाशगंगेतील नवताऱ्यांवरील ग्रंथ (१९५७) ही त्यांची महत्त्वाची पुस्तके.

विद्यापीठातील स्थान : १९२७ पासून पेन यांना शॅप्ली यांची तांत्रिक साहाय्यक म्हणून पगार मिळे आणि तो वेधशाळेच्या उपकरणांच्या खर्चात दाखवला जाई. त्या वर्ग घेत, संशोधक विद्यार्थ्यांना मार्गदर्शन करत. पण त्यांचे अभ्यासक्रम विद्यापीठाच्या पत्रकात १९४५ पर्यंत छापले जात नव्हते. आपण हयात असेपर्यंत या बाईंना विद्यापीठात नेमणूक मिळणार नाही, अशी विद्यापीठाचे अध्यक्ष लॉरेन्स लॉवेल यांची भूमिका होती. १९३८ मध्ये त्यांना खगोलशास्त्रज्ञ हे पदनाम मिळाले. शॅप्ली यांच्यानंतर संचालक झालेल्या डोनाल्ड मेन्झेल यांनी त्यांचे वेतन वाढवले आणि १९५६ मध्ये त्यांना प्राध्यापकपद मिळाले. नियमित बढतीने या पदावर पोहोचलेल्या त्या हार्व्हर्डच्या कला व विज्ञान शाखेतील पहिल्या स्त्री होत. लगेच खगोलशास्त्र विभागाचे प्रमुखपदही त्यांच्याकडे आले. हार्व्हर्डमध्ये एखाद्या विभागाची प्रमुख स्त्री असण्याची ती पहिलीच वेळ होती. १९६६ मध्ये त्या अध्यापनातून निवृत्त झाल्या, मात्र स्मिथसोनियन खगोलभौतिकी वेधशाळेत त्यांचे संशोधन चालू राहिले.

सन्मान व मूल्यमापन : स्त्री खगोलशास्त्रज्ञांसाठीच्या ॲनी जंप कॅनन पुरस्काराच्या त्या १९३४ मध्ये पहिल्या मानकरी ठरल्या. १९३६ मध्ये त्यांची अमेरिकन फिलॉसॉफिकल सोसायटीवर निवड झाली. अमेरिकेच्या राष्ट्रीय विज्ञान अकादमीचे सदस्यत्व मात्र त्यांना कधीच मिळाले नाही. १९७६ मध्ये अमेरिकन ॲस्ट्रॉनॉमिकल सोसायटीने त्यांना आपला सर्वोच्च व्याख्यान-सन्मान दिला. त्याला नाव आहे हेन्री नॉरिस रसेल यांचे. २०३९ क्रमांकाच्या लघुग्रहाला पेन-गापोश्किन हे नाव देण्यात आले आहे.

ज्येष्ठ खगोलशास्त्रज्ञ ओटो स्ट्रूव्ह यांनी सहलेखिका व्हेल्टा झेबर्ग्स यांच्यासह १९६२ मध्ये लिहिलेल्या विसाव्या शतकातील खगोलशास्त्राच्या इतिहासात या प्रबंधाला खगोलशास्त्रातील सर्वांत तेजस्वी पीएच.डी. प्रबंध म्हटले आहे. पेन यांच्या मृत्यूनंतर त्यांचे आत्मचरित्र कन्या कॅथरीन हारामुंडानिस यांनी १९८४ मध्ये संपादित करून प्रसिद्ध केले. आपला मुद्दा लावून धरला नाही याचा दोष त्यात पेन यांनी स्वतःकडे घेतला आहे. मात्र त्या वेळची परिस्थिती पाहता हा दोष एकट्या व्यक्तीचा ठरत नाही. पदवी देण्यास नकार देणारे विद्यापीठ, उपकरणांच्या खात्यातून दिला जाणारा पगार आणि एकाच ज्येष्ठाच्या पत्रावर ठरणारे भवितव्य यांत मुद्दा लावून धरणे नवख्या स्त्री संशोधकाला परवडणारे नव्हते. त्यामुळे आता श्रेयाची मांडणी साधारण अशी केली जाते : आयनीभवनाचे समीकरण साहा यांचे, ताऱ्यांतील हायड्रोजन-हेलियमाच्या प्राबल्याचे पहिले मापन पेन यांचे आणि त्याची स्वतंत्र पुष्टी रसेल यांची.