कचेरीतली हवा: वाळ्याच्या ताटीपासून स्प्लिट एसीपर्यंत

राजेहो, नवतपा लागला की नागपूरच्या प्रत्येक ऑफिसात एकच ओरड असते, "दार लावा, एसी चालू आहे!" या बंद दाराचा इतिहास जरा बघू.

१८६१ मध्ये मध्य प्रांत झाला, नागपूर राजधानी. उन्हाळ्यात मोठे साहेब पचमढीला जायचे, कारकून मात्र इथेच भाजायचा. सिव्हिल लाइन्समधल्या जुन्या सरकारी इमारती बघा. उंच छत, रुंद व्हरांडा, वर झरोके. गरम हवा वर चढून झरोक्यातून बाहेर. दाराला वाळ्याची ताटी, तिच्यावर पाणी मारायला एक माणूस, पंख्याची दोरी ओढायला दुसरा. त्या दोरीवाल्याला वारा लागतो का, हे कोणी विचारलं नसेल. पण हवा खेळती होती, हे मानावंच लागेल.

मग आला आपला कूलर. तो बाहेरची हवा ओढून आत ढकलतो, म्हणून कुठेतरी खिडकी उघडी ठेवावीच लागते, नाहीतर नुसता दमटपणा. म्हणजे ताजी हवा आपोआप मिळायची. (टाकीतल्या पाण्यात डेंग्यूचे डास होतात, ती डोकेदुखी वेगळी.)

स्प्लिट एसीचं उलट आहे. तो खोलीतलीच हवा गार करून पुन्हा पुन्हा फिरवतो. आपण सोडलेला श्वास, प्लायवूड-रंगाचा वास, सगळं आतच.

अमेरिकेनं हे आधी भोगलंय. १९७३ च्या तेलसंकटानंतर वीज वाचवायला इमारती घट्ट बंद केल्या, बाहेरची हवा माणशी मिनिटाला ५ घनफूट इतकी कमी चालेल असं ठरलं. लोकांचं डोकं दुखायचं, डोळे चुरचुरायचे, घसा कोरडा पडायचा. घरी गेलं की बरं. यालाच 'सिक बिल्डिंग सिंड्रोम' म्हणू लागले. १९८९ मध्ये ते प्रमाण १५ घनफुटांवर नेलं.

आपल्याकडे एक काम मात्र चांगलं झालं. २ ऑक्टोबर २००८ पासून ऑफिसात सिगारेट बंद. त्याआधी साहेबांच्या टेबलावर अ‍ॅशट्रे असायचाच.

मी पूर्वी ज्या ऑफिसात होतो तिथं एसी बसवताना झरोके प्लाय ठोकून बुजवले. दुपारी तीनला सगळे जांभया देत बसायचे. आम्ही दोष तर्री पोह्यांना द्यायचो!

कोराडीच्या धुरावर आपण भांडतो, भांडायलाच पाहिजे. पण दिवसाचे आठ-नऊ तास ज्या खोलीत जातात तिची हवा कोण मोजतं? पर्यावरणावर संशोधन करणारी नीरी १९५८ पासून याच शहरात आहे, लांब जायची गरज नाही.

तुमच्या ऑफिसातला झरोका उघडा आहे की बुजवलाय? कमेंटमध्ये फोटो टाका.