विस्कटलेल्या केसांचा पेटर

१८४४ सालच्या नाताळापूर्वीं जर्मनींतील फ्रांकफुर्ट शहरांत हाइन्रिख होफमान नांवाचे एक डॉक्टर आपल्या तीन वर्षांच्या मुलासाठीं चित्रांचें पुस्तक घेण्यास बाजारांत गेले. दुकानांतील पुस्तकांत कोरड्या उपदेशाचीच रेलचेल होती. डॉक्टरसाहेबांनीं कोरी वही विकत घेतली आणि गोष्टी व चित्रें स्वतःच तयार केलीं. मित्रांच्या आग्रहानें १८४५ सालीं त्यांचें पुस्तक झालें. पुढें त्यांतील केस-नखें न कापणाऱ्या मुलावरून त्याला 'श्ट्रुव्हेलपेटर', म्हणजे विस्कटलेल्या केसांचा पेटर, हें नांव पडलें.

या गोष्टींतील शिक्षा ऐकून आजची आई दचकेल. सूप नको म्हणून हट्ट धरणारा गुटगुटीत कास्पर रोज वाळत जातो आणि पांचव्या दिवशीं मरतो. त्याच्या थडग्यावर सुपाचें भांडें! आगकाड्यांशीं खेळणारी मुलगी जळून जाते, तिचे जोडे तेवढे उरतात, आणि तिला आधीं बजावणारीं दोन मांजरें रडत बसतात. अंगठा चोखणाऱ्या कोनराडची गत तर सांगवत नाहीं.

मग हा गृहस्थ निर्दय होता काय? त्यांनीं स्वतः सांगितलेली हकीकत निराळी आहे. "ऐकत नाहींस तर डॉक्टर येईल" अशी धमकी तिकडेही देत असत. (आपल्याकडे बागुलबुवाच्या जोडीला सुईवाले डॉक्टर आहेतच.) त्यामुळें आजारी मूल डॉक्टरांना पाहतांच किंचाळे. अशा वेळीं होफमान कागदावर एक मुलगा काढीत. त्याचे केस वाढत, नखें वाढत, शेवटीं मुलगा दिसेनासा होई. मूल रडणें विसरून पाही, आणि तेवढ्यांत डॉक्टर त्याची नाडी पाहून घेत. भयानें आखडलेल्या मुलाला मोकळें करण्यासाठीं ही अतिशयोक्ति जन्मली. पुढें कांहीं घरांत तीच भय घालण्याच्या कामीं आली. १८५१ पासून होफमान यांनीं फ्रांकफुर्टच्या वेड्यांच्या इस्पितळाची धुरा वाहिली, हेंही ध्यानांत असावें.

पुस्तकांतील बऱ्याच गोष्टी संवयींच्या आहेत. एक मात्र वृत्तीची. छत्री घेऊन फिरावयास निघालेल्या एका कृष्णवर्णी मुलाची तीन गोरीं पोरें टवाळी करतात. थोर निकोलस त्यांना समजावतो, तीं अधिकच हंसतात. तेव्हां तो त्यांना भल्यामोठ्या दौतींत बुचकळतो. १८४५ सालीं गोऱ्या मुलांच्या हातीं ही गोष्ट देणें हें धैर्याचेंच म्हणावें लागेल. तरी तींत एक गोम आहे: काळें होणें ही शिक्षा कशी ठरली? टवाळखोरांची समजूत गोष्टीनें पुरती मोडली नाहीं. उलट तीच वापरली. मला स्वतःला त्या गोष्टीहून तिचें शेवटचें चित्र अधिक प्रामाणिक वाटतें. त्यांत तो मुलगा छत्री घेऊन उन्हांत पूर्वींसारखाच पुढें चालला आहे, आणि त्याच्याहून काळीं झालेलीं तीं तीन पोरें मागून येत आहेत.