लाखेच्या तबकडीची कहाणी

काही वर्षांपूर्वी आमच्या धर्मग्रामातील एका जुन्या घराला आशीर्वाद देण्यासाठी गेलो होतो. घराची दुरुस्ती झालेली होती आणि माळ्यावरची अडगळ ओटीवर उतरवून ठेवली होती. तीत ग्रामोफोनची एक फुटकी तबकडी होती. "फादर, त्यात काय पाहता? ती आता वाजायची नाही," घरातल्या आजी म्हणाल्या. वाजणार नव्हती हे खरेच. परंतु तुटलेल्या कडेला तिचे अंतरंग दिसत होते. पाटीच्या दगडासारखे खरबरीत, काळे, मधूनच सुताच्या तंतूंसारखे काही. लाख, दगडाची पूड, कापसाचे तंतू आणि काजळी यांचा तो काला. हे मिश्रण संगीताच्या सेवेला कसे लागले, याची कथा एका लहान कारखानदाराच्या अडचणींतून सुरू होते.

एमिल बर्लिनर हा १८५१ साली जर्मनीतील हॅनोव्हर शहरी ज्यू कुटुंबात जन्मला आणि १८७० मध्ये अमेरिकेत गेला. एडिसनच्या यंत्रात आवाज नळकांड्यावर कोरला जाई. बर्लिनरने सपाट तबकडीची कल्पना काढली व १८८७ मध्ये तिचे पेटंट मिळवले. तबकडीचा मोठा लाभ असा की, एकदा धातूचा ठसा तयार झाला की त्यावरून हव्या तितक्या प्रती दाबून काढता येतात. प्रारंभी जर्मनीतील एका खेळणी बनवणाऱ्या कंपनीने हातभर चाकाने फिरवायची छोटी यंत्रे विकली. त्या यंत्रांसाठी निघालेल्या पाच इंची तबकड्यांत एक तबकडी प्रभूच्या प्रार्थनेची होती. तिच्या निवडीचे कारण उघड दिसते. यंत्राचा आवाज इतका अस्पष्ट होता की, श्रोत्याला आधीपासून पाठ असलेले शब्दच त्यातून उमगत. आपली दैनंदिन प्रार्थना अशा रीतीने ध्वनिमुद्रणाच्या पाळण्याशी उभी होती, याचे मला आजही कौतुक वाटते.

पुढे बर्लिनरने वॉशिंग्टन येथे व्यवसाय थाटला. भांडवल तुटपुंजे, माणसे मोजकी. ठसे तो स्वतः तयार करी, पण तबकड्या दाबून घेण्यासाठी त्याला रबराच्या कारखान्यावर विसंबावे लागे. तबकड्या कडक रबराच्या असत. शाळेच्या प्रयोगशाळेत आपण ज्याला एबोनाइट म्हणतो तेच हे रबर. येथे त्याचे दुखणे सुरू झाले. आलेल्या मालात एक तबकडी उत्तम निघे, तर दुसरीवर मधेच सपाट ठिगळे पडलेली असत. रबर ठशाच्या बारीक रेघांत नीट भरले नाही की त्या जागी रेघच उमटत नसे, आणि तेथे सुई आली की गाणे नाहीसे होई. गिऱ्हाइकाला रबराच्या कारखान्याशी काय कर्तव्य? त्याच्या लेखी दोष बर्लिनरचाच. ज्याने कधी दुसऱ्याच्या हातून काम करून घेतले आहे त्याला ही स्थिती समजेल. मी स्वतः चर्चच्या ध्वनिक्षेपकासाठी एका दुकानदाराच्या आश्वासनांवर नाताळच्या मध्यरात्रीपर्यंत तिष्ठत बसलो आहे. अखेर मिस्सा उघड्या आवाजानेच केली.

बर्लिनरने मात्र तिष्ठत न बसता आठवणींचा कोनाडा धुंडाळला. पूर्वी तो बेलच्या टेलिफोन कंपनीत होता. त्या कंपनीने टेलिफोनच्या भागांसाठी कडक रबर सोडून लाखेचे मिश्रण वापरायला घेतल्याचे त्याला स्मरले. न्यूअर्क येथे ड्युरनॉइड नावाची बटणे बनवणारी कंपनी असे मिश्रण वापरीत असे. त्याने आपला ठसा तिच्याकडे पाठवला. तापवून मऊ केलेली लाखेची वडी दाबाखाली ठशाच्या प्रत्येक रेघेत शिरली आणि निवाल्यावर तशीच कडक राहिली. १८९५ च्या सुमारास रबर गेले, लाख आली. पुढील अर्धशतक जगाने गाणे ऐकले ते बटणवाल्यांच्या या मिश्रणावर.

दुसरी उणीव गतीची होती. हाताने फिरवलेल्या यंत्रावर गायकाचा सूर फिरवणाराच्या मनगटाप्रमाणे वरखाली होई. फिलाडेल्फियासमोर, डेलावेअर नदीच्या पैलतीरी कॅमडेन गावात एल्ड्रिज जॉन्सन या तरुण यांत्रिकाचे छोटे कारखानावजा दुकान होते. ग्रामोफोन प्रथम ऐकला तेव्हा घसा बसलेला पोपटच बोलतो आहे असे त्याला वाटले होते. तरीही त्या पोपटाने त्याला झपाटले. १८९६ मध्ये घड्याळाप्रमाणे कमानीवर चालणारी, बऱ्यापैकी समान गतीची व स्वस्त मोटर त्याने सिद्ध केली. आता माल चांगला होता आणि पुरवठादार प्रामाणिक होता.

तरीही धंदा बुडाला, तो विक्रीच्या टोकाकडून. ऑक्टोबर १८९६ मध्ये फ्रँक सीमन या न्यूयॉर्कच्या जाहिरात व्यावसायिकाला अमेरिकेतील विक्रीचे एकाधिकार पंधरा वर्षांसाठी देण्यात आले. सीमनने जाहिरातीच्या बळावर खप वाढवला, हे त्याचे श्रेय नाकारता येत नाही. परंतु यंत्रे बर्लिनरच्या कंपनीकडूनच घेण्याचे बंधन त्याला जाचू लागले. जॉन्सनकडून निघालेले यंत्र मधल्या नफ्यामुळे महाग पडते, ही त्याची तक्रार होती आणि ती अगदीच निराधार नव्हती. तडजोड न होता त्याने झोनोफोन नावाचे स्पर्धक यंत्र बाजारात आणले, बर्लिनरच्या वैऱ्यांशी हातमिळवणी केली आणि जून १९०० मध्ये न्यायालयाच्या मनाईहुकुमाने बर्लिनरला अमेरिकेत स्वतःचाच ग्रामोफोन विकणे अशक्य होऊन बसले. जॉन्सनने कर्ज काढून वाढवलेला कारखाना एका दिवसात गिऱ्हाइकाविना उभा राहिला. त्याने स्वतःच विक्रीत उडी घेतली. त्यातून १९०१ मध्ये व्हिक्टर कंपनी जन्मास आली व बर्लिनरला तीत वाटा मिळाला.

या भांडणाचे पडसाद लंडनमध्ये गमतीदार उमटले. तेथील ग्रामोफोन कंपनी १८९८ पासून कॅमडेनहून यंत्रांचे भाग मागवून जोडत असे. पलीकडचा पुरवठा आज आहे, उद्या नाही, अशी धास्ती चालकांनी घेतली आणि डिसेंबर १९०० मध्ये कंपनीचे नावच ग्रामोफोन अँड टाइपरायटर असे केले! गाणे न खपले तर टंकयंत्रे विकू, हा हिशोब. टंकयंत्रे कोणी फारशी घेतली नाहीत. १९०७ मध्ये ते शेपूट नावातून गळाले.

याच कंपनीचा ध्वनिमुद्रक फ्रेड गैसबर्ग १९०२ च्या वसंतात इटलीत गेला. मिलान येथे त्याने कारुसोचा आवाज टिपला, तर रोममध्ये सिस्टीन चॅपेलच्या गायकवृंदाचा. तेरावे लिओ त्या वेळी पोप होते. त्याच वर्षी तो कलकत्त्याला पोहोचला आणि नोव्हेंबरात गौहरजानचे गाणे तबकडीवर उतरले. ते ठसे हॅनोव्हरला, बर्लिनरच्या जन्मगावी गेले व तेथे दाबलेल्या तबकड्या जहाजाने परत आल्या. यातील मौज अशी की, तबकडीतील लाख आधीच कलकत्त्याच्या बंदरातून युरोपला गेलेली असे. आपलीच लाख, आपलाच सूर, आणि दोघांचीही भेट हॅनोव्हरला! १९०८ मध्ये कलकत्त्यात सियालदह येथे कारखाना निघाला तेव्हा हा द्राविडी प्राणायाम थांबला.

आता लाखेच्या मुळाकडे वळतो. माझे मन गुंतते ते येथेच. लाख म्हणजे झाडाचा डिंक नव्हे. पळस, बोर आणि कोशिंब (तिकडे त्याला कुसुम म्हणतात) यांच्या कोवळ्या फांद्यांवर बसणाऱ्या सूक्ष्म किड्यांनी स्वतःभोवती बांधलेले ते घर. छोटानागपूरच्या रानांत मुंडा, उरांव आदी आदिवासी फांद्या तोडून ती खरवडतात. पुढे दाणे धुऊन, वाळवून लांब कापडी पिशवीत भरीत. ती पिशवी निखाऱ्यांच्या भट्टीसमोर पिळली की वितळलेली लाख पाझरे. कारागीर ती गरम चादर हातांनी, पायांनी आणि चक्क दातांनी धरून ताणीत असे. हाच चपडा. महागुरूस्वामींच्या जुन्या पत्रांवरील मोहोर याच लाखेची, आणि आजींच्या माळ्यावरची तबकडीही.

युरोपीय व्यापारी लाखेविषयी सदैव कुरकुरत. भाव स्थिर नाही, माल एकसारखा नाही, चपड्यात राळ मिसळलेली असते, हरताळ घालून रंग उजळलेला असतो. हे सारे खरे होते. परंतु रानात उभे राहून पाहिले तर बेभरवशाचा कोण? ऊन किंवा अवकाळी पाऊस किडा मारी, तो दोष खरवडणाऱ्याचा नव्हे. भाव चढला तरी त्याच्या पदरी थोडेच पडे, कारण पीक येण्याआधीच महाजनाची उचल त्याने खाल्लेली असे. आणि भाव कोसळला की माल घ्यायला कोणी फिरकत नसे. राळ मिसळली जाई ती बहुधा पुढच्या हातांत. बर्लिनरला रबरवाला बदलता आला. मुंडा शेतकऱ्याला महाजन बदलता येत नव्हता.

याच रानांत १८८५ पासून बेल्जियन येशूसंघीय फादर कॉन्स्टंट लीव्हन्स यांनी आदिवासींचे जमिनीचे आणि वेठबिगारीचे खटले न्यायालयात लढवले. सात वर्षांत शरीर झिजवून ते मायदेशी परतले व १८९३ मध्ये निवर्तले. जर्मन येशूसंघीय फादर जॉन हॉफमन यांनी दुखण्याचे नेमके ठिकाण ओळखले होते. जमीन टिकली तरी कर्ज टिकते आहे. १९०८ च्या छोटानागपूर कूळकायद्याच्या रचनेत त्यांच्या अभ्यासाचा हात होता आणि लगेच १९०९ मध्ये त्यांनी कॅथोलिक सहकारी पतसंस्था उभी केली. गरिबाला महाजनाखेरीज दुसरे दार मिळाले. सियालदहच्या कारखान्यात तबकड्या दाबल्या जाऊ लागल्या त्याच सुमाराची ही गोष्ट. दोन्हीकडच्या माणसांना एकमेकांची गंधवार्ता असण्याचे कारण नव्हते. १९१५ मध्ये, महायुद्ध चालू असता, जर्मन म्हणून हॉफमन यांना हिंदुस्थान सोडावा लागला. पतसंस्था मात्र चालत राहिली.

१९२४ मध्ये रांचीजवळ नामकुम येथे लाख संशोधन संस्था स्थापन झाली. दुसऱ्या महायुद्धात लाखेचे महत्त्व एवढे वाढले की, १९४२ मध्ये अमेरिकन सरकारने तबकडी कंपन्यांचा लाखेचा वापर कापून तीस टक्क्यांवर आणला आणि जुन्या तबकड्या दळून नव्या करण्यासाठी घरोघरून गोळा केल्या गेल्या. १९४८ मध्ये मात्र कोलंबिया कंपनीने व्हिनाइलची दीर्घ तबकडी काढली. लाखेचे इतक्या वर्षांचे गिऱ्हाईक हळूहळू उठून गेले. आपल्या देशात लाखेच्या तबकड्या त्यानंतरही बरीच वर्षे निघत होत्या. आजींची बहुधा त्यांतलीच. लाख आता औषधाच्या गोळ्यांवर व लाकडी सामानावर चढते, आणि पळसाच्या फांद्या अजून खरवडल्या जातात.