नाव शेवटच्या कडव्यात, पैसे भलत्याच खात्यात

'आता मधला दलाल गेला,' असं हल्ली सर्रास बोललं जातं. गाणं रेकॉर्ड करा, नेटवर टाका, लोक ऐकतील तसे पैसे खात्यात येतील. वाशीम-पुसद रस्त्यावरच्या अनसिंगचा शाहीर आणि मुंबईचा नामवंत संगीतकार आता एकाच पायरीवर उभे आहेत, असा हा दावा. त्याला एक जुनी पुस्ती असते: गीतकारानं मानधन घेतलं ना, मग विषय संपला.

या पूर्वपक्षात काही तथ्य आहे. कॅसेटच्या काळात कंपनीच्या दारात ताटकळावं लागे. आज मानोरा तालुक्यातल्या पोहरादेवीत गायलेलं बंजारा समाजाच्या गोरबोलीतलं गाणं त्याच रात्री तेलंगणाच्या तांड्यावर पोहोचतं. पण पोहोचलं म्हणजे मोबदला मिळाला, असं नाही.

स्पॉटिफायसारख्या कंपन्या एका ऐकण्याला ठरावीक भाव देत नाहीत. वर्गणी आणि जाहिरातींचे पैसे एकत्र होतात आणि एकूण ऐकण्यातल्या हिश्शानं वाटले जातात. म्हणजे अनसिंगच्या श्रोत्यानं महिनाभर फक्त भीमगीतं ऐकली, तरी त्याच्या वर्गणीतला मोठा भाग त्यानं कधी न ऐकलेल्या गाण्यांकडे जातो. त्यात 2024 पासून मागच्या बारा महिन्यांत 1000 वेळाही न ऐकलेल्या ध्वनिमुद्रणाला स्पॉटिफाय रेकॉर्डिंगचा वाटा देत नाही. ही एकच पायरी म्हणायची?

मानधनाच्या युक्तिवादामागे वजनदार नाव आहे. साठच्या दशकात लता मंगेशकरांनी रॉयल्टी मागितली, तेव्हा मोहम्मद रफींनी मानधनानंतर हक्क उरत नाही, अशी बाजू घेतली. ती रफींची उदारता होती. तिचा नियम करून तो खेड्यापाड्यांतल्या शाहिरांवर लादणं अन्याय आहे. गाण्यांच्या हक्कांबाबत 1977 साली सर्वोच्च न्यायालयाचा निकालही निर्मात्यांच्याच बाजूनं लागला होता. 2012 च्या दुरुस्तीनं मात्र कॉपीराइट कायदा बदलला. चित्रपटातल्या वा ध्वनिमुद्रणातल्या गाण्याच्या रॉयल्टीत गीतकार-संगीतकाराचा समान वाटा ठरला. तो वारसांना किंवा कॉपीराइट सोसायटीलाच देता येतो, कंपनीला विकता येत नाही. शिवाय करार झाला तेव्हा जे माध्यम वापरात नव्हतं, ते करारात स्पष्ट लिहिलेलं नसेल तर तो त्या माध्यमाला लागू होत नाही. आणि मुळात सहीचा कागद नसेल, तर हक्क विकला गेला असं कायदा मानत नाही. किती भीमगीतं नुसत्या तोंडी बोलीवर रेकॉर्ड झाली असतील, याचा विचार ती नेटवर टाकणाऱ्या चॅनेलवाल्यांनी करून ठेवावा.

यावर शेवटचा आक्षेप येतो: ही लोकगीतं, यांना कोण धनी? हे तर सरळ चूक आहे. भीमगीतांचे कवी वामनदादा कर्डक (1922-2004) आपल्या गीताच्या शेवटी 'वामन' ही नाममुद्रा घालत. गायक ते नाव मोठ्यानं गातो आणि खाली माहितीत 'पारंपरिक' असं छापलं जातं! लेखकाच्या निधनानंतर 60 वर्षं हक्क टिकतो. म्हणजे वामनदादांच्या गीतांवरचा हक्क 2064 अखेरपर्यंत जिवंत आहे. वरातीतल्या बँडवाल्याकडून वसुली करा, असं कोणी म्हणत नाही. लग्नाची वरात कायद्यानंच मोकळी सोडली आहे. प्रश्न गाण्यावर जाहिराती लावून कमावणाऱ्याचा आहे.

माझ्या मते दोष एकट्या परदेशी कंपन्यांचा नाही. गळती त्यांच्या आधीच, आपल्या गावच्या स्टुडिओत सुरू होते. कंपन्यांच्या यंत्रणेत गीतकाराचं नावच गेलं नाही, तर तिनं पैसे पाठवायचे कोणाला?

म्हणून वाशीम-पुसदकडच्या शाहिरांना आणि गीतकारांना एवढंच सांगणं आहे: गाणं देण्याआधी गीतकार कोण, किती वर्षांसाठी आणि कोणत्या माध्यमासाठी, हे कागदावर लिहून दोघांच्या सह्या घ्या, आणि आयपीआरएस या कॉपीराइट सोसायटीचं सदस्यत्व घेऊन गाणी आपल्या नावावर नोंदवा.