शहराची शाळा आणि तिचे धनी

१८८२ साली हंटर आयोगापुढे महात्मा फुले यांनी बजावले की, सरकारी महसूल कष्टकऱ्यांच्या घामातून जमतो, पण शिक्षणावरचा खर्च वरिष्ठ वर्गाच्या पदरात पडतो. निदान बाराव्या वर्षापर्यंत प्राथमिक शिक्षण सक्तीचे करा, अशी त्यांची मागणी होती.

पुढे १९०७ साली मुंबईत एक सौदा झाला. सरकारने पोलीसखर्चाचा बोजा महापालिकेच्या डोक्यावरून उतरविला आणि मोबदल्यात प्राथमिक शिक्षणाचा भार तिच्यावर टाकला. आमच्यापैकी कित्येकांना अक्षरओळख झाली ती याच शाळांत.

पैसा नाही, ही सबब आता टिकणारी नाही. २०२५-२६ साठी पालिकेचा शिक्षणाचा अर्थसंकल्प सुमारे ३९५५ कोटी रुपयांचा होता. तरीही मराठी शाळांचा पट घसरतच गेला. मार्च २०२२ मध्ये सभागृहाची मुदत संपली. जानेवारी २०२६ मध्ये निवडणूक होईपर्यंत या कारभाराला जाब विचारणारा एकही लोकनियुक्त सभासद नव्हता.

आता आमचा दोषही सांगितला पाहिजे. बोनसचा हिशेब आम्ही मालकाकडे पैन् पै मागितला. शाळेचा हिशेब मागायला मात्र कधी गेलो नाही. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याने शाळा व्यवस्थापन समितीत तीनचतुर्थांश जागा पालकांना दिल्या. पण सभेला जावे तर रोज बुडतो! म्हणून त्या दिवसाची भरपगारी रजा ही आम्हां युनियनवाल्यांची मागणी झाली पाहिजे.